फाईलमधली नऊ वर्षांची मुलगी

ताई,

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. सात वर्षांची एक मुलगी आहे. तिच्या वेळी माझ्या जिवावर बेतलं होतं, म्हणून दुसरं मूल दत्तकच घ्यायचं हे तेव्हाच ठरलं. आमच्या देशातली यादी फार लांब, म्हणून एजन्सीने परदेशातून दत्तक घेण्याचा मार्ग सुचवला. होम स्टडी, म्हणजे आमच्या घराची चौकशी, झाली, कागद झाले, अडीच वर्षं गेली. गेल्या आठवड्यात फाईल आली. चार वर्षांचा मुलगा आणि त्याची नऊ वर्षांची सख्खी बहीण. आई वारली, वडिलांचा ठावठिकाणा नाही, आजीने दोघांना बालगृहात आणून सोडलं, एवढंच त्यात लिहिलंय. फोटोत बहीण भावाच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरून उभी आहे.

नवरा म्हणतो, लहानाला घेऊ, मोठी रुळायची नाही. सासूबाई म्हणतात, कुठलं रक्त कोण जाणे. लेक म्हणते, मला मोठी बहीण नको, मीच मोठी. एजन्सीला दहा दिवसांत उत्तर हवंय. बालगृहाला वेगळी ‘देणगी’ दिली तर काम लवकर होईल, असं एजन्सीतल्या बाई म्हणाल्या. तो देश परदेशी दत्तक बंद करणार अशीही कुजबुज आहे. मला रात्रभर झोप लागत नाही. होय म्हणू का?

– वाट पाहणारी

*

प्रिय ‘वाट पाहणारी’,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. तुमचं, नवऱ्याचं, सासूबाईंचं, लेकीचं आणि एजन्सीतल्या बाईंचं, अशी पाच जणांची मतं त्यात सापडली. त्या नऊ वर्षांच्या मुलीला काय वाटतं हे कुणी विचारल्याचं मात्र कुठेच दिसलं नाही. फोटो पुन्हा काढा आणि तिच्या मुठीकडे बघा. फोटोसाठी हात धरायला सांगितलेली मुलं हात धरतात. शर्ट मागून मुठीत धरणारी मुलगी भावाला कुणी उचलून नेईल या भीतीने उभी असते. माझा हा तर्क चुकीचाही असेल, पण तुमचं उत्तर शोधायला मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

नवऱ्याच्या सूचनेचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही. आई गेली, बाप नाही, आजीचं घर सुटलं, आणि आता उरलेलं एकुलतं एक माणूसही तुम्ही काढून घेणार? अनेक देशांचे नियमच सख्ख्या भावंडांची ताटातूट होऊ देत नाहीत. जिथे होऊ देतात तिथेही तुम्ही ती करू नका. तो मुलगा पंधरा वर्षांचा झाला की विचारील, ‘माझी ताई कुठे आहे?’ त्या दिवशी द्यायला उत्तर नसेल असा निर्णय आज घेऊ नये. दोघं झेपत नसतील तर दोघांनाही नाही म्हणा. त्यात लाज नाही. आधी दोघांना आणायचं आणि मोठी जड जातेय म्हणून वर्षभराने हात वर करायचे, यापेक्षा आजचा नकार पुष्कळ बरा.

पण तुमच्या नवऱ्याची भीती अगदीच पोकळ आहे असंही मी म्हणणार नाही. वयाचा परिणाम होतो. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथाश्रमांतल्या १३६ लहान मुलांवर २००० नंतर एक मोठा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांतली निम्मी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत गेली, बाकीची संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीत, भाषेत, लळा लागण्यात पुढे गेली. साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना फायदा जास्त झाला. तेव्हा चार काय आणि नऊ काय, दोघंही ‘लहान’ नाहीत. फक्त एक फरक लक्षात घ्या. ती मुलं जवळपास जन्मापासून संस्थेत होती. तुमच्या फाईलमधल्या मुलीला आई होती, आजी होती. कुणाच्या तरी कुशीत झोपणं तिला ठाऊक आहे. ती संस्थेत किती महिने आहे, हे तिच्या वयाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि तुमच्या पत्रात ते नाही. विचारा.

आता आजी. खरं सांगायचं तर माझी पेन्सिल त्या एका वाक्यावरच अडली. ‘आजीने आणून सोडलं.’ म्हणजे काय केलं? कायमचं दिलं, की दोन वेळ खायला मिळेल आणि शाळा होईल म्हणून ठेवलं? जगभर गरीब माणसं बालगृहाकडे वसतिगृहासारखं बघतात. मूल ठेवायचं, सणावाराला भेटायचं, दिवस पालटले की घरी न्यायचं. २०१० च्या भूकंपानंतर हैतीतून ३३ मुलांना सीमेपार नेऊ पाहणारी मंडळी पकडली गेली. त्या ‘अनाथ’ मुलांपैकी बहुतेकांचे आई किंवा वडील हयात निघाले. मुलांना शिक्षण मिळेल या भरवशावर त्यांनी ती स्वतःच्या हाताने सोपवली होती. ‘अनाथ’ हा शब्दच फसवा आहे. युनिसेफने २०१५ साठी जगातल्या अनाथांचा आकडा सुमारे १४ कोटी दिला होता, पण त्यात आई किंवा वडील यांपैकी एकच गेलेली मुलंही धरली होती. दोघंही गेलेली सुमारे दीड कोटी. आणि दोघं गेले तरी आज्या, मावश्या, काका उरतातच.

परदेशी दत्तकाविषयीचा १९९३ चा आंतरराष्ट्रीय हेग करार याचसाठी झाला. शंभराहून जास्त देश त्यात आहेत. मुलं ज्या देशाची आहेत तो त्यात आहे का, हे आज संध्याकाळी बघून ठेवा. नसेल तर पुढचा प्रत्येक प्रश्न दुप्पट जोर लावून विचारावा लागेल. कराराचं म्हणणं थोडक्यात असं. मुलाला आपल्याच कुटुंबात ठेवता येतं का ते आधी बघा, नाही तर त्याच्याच देशात दुसरं घर मिळतं का ते बघा, आणि मगच परदेश. ज्यांची संमती लागते त्यांना, हे नातं कायद्याने तुटणार आहे का, हे आधी नीट समजावून सांगितलेलं हवं. संमती लेखी हवी, आपखुशीची हवी, तिच्यासाठी पैसे दिलेले नसावेत. आणि मूल जाणत्या वयाचं असेल तर त्यालाही समजावून सांगून त्याची इच्छा विचारात घ्यायची. नऊ वर्षांची मुलगी जाणती नाही असं कोण म्हणेल?

तर एजन्सीला फोन नको, ईमेल लिहा. आजीची संमती लागते का? ती कुठल्या तारखेची, कुणासमोर घेतली, कुठल्या भाषेत? आजीला लिहितावाचता येतं का, आणि अंगठा असेल तर कागद वाचून कुणी दाखवला? ‘परदेशी’ आणि ‘कायमचं’ हे दोन शब्द तिला सांगितले होते का? वडिलांना शोधायला नक्की काय केलं? दुसऱ्या नातेवाइकांकडे चौकशी झाली का? त्या देशातल्या कुटुंबासाठी प्रयत्न झाला का, किती महिने? मुलीशी कोण बोललं, आणि ती काय म्हणाली? या प्रश्नांनी तुम्ही संशयखोर ठरत नाही. चांगली एजन्सी अशा ईमेलने सुखावते. ‘एवढं खोलात गेलात तर मुलं हातची जातील’ असं उत्तर आलं, तर ती एजन्सी कशी आहे तेही कळलं.

एक मोह मात्र आवरा. तिथला एखादा ओळखीचा गाठून आजीच्या दारात पाठवू नका, तिला परस्पर पैसे तर मुळीच पाठवू नका. कागदपत्रांचे टप्पे पुरे होईपर्यंत होऊ घातलेल्या पालकांनी मुलाच्या आईवडिलांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी संपर्क करू नये, असं तोच करार सांगतो. कारण उघड आहे. परदेशातून आलेल्या भल्या माणसाची एक नोटसुद्धा म्हाताऱ्या बाईच्या संमतीला विकत घेतल्याचा रंग देऊ शकते. प्रश्न केंद्रीय प्राधिकरणामार्फतच, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणेमार्फतच, जाऊ देत.

आणि समजा, उत्तर असं आलं की आजीला थोडा हात दिला तर ती मुलांना सांभाळू शकते, आणि मुलीलाही तेच हवंय. मग तुम्हाला मागे सरावं लागेल. अडीच वर्षं, भरलेले पैसे आणि तुमच्या रिकाम्या रात्री जमेला धरूनही. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

दक्षिण कोरियाची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल तर मी सांगते. तिथून १९५० च्या दशकापासून एक लाख चाळीस हजारांहून जास्त मुलं परदेशी दत्तक गेली. मार्च २०२५ मध्ये तिथल्याच सत्यशोधन आयोगाने सांगितलं की कागद बदलले गेले, आईवडील ठाऊक असलेल्या मुलांची नोंद अनाथ म्हणून झाली, देखरेख करायची होती त्या सरकारने डोळेझाक केली. तक्रार करणारी सगळी आज मोठी माणसं आहेत. ज्यांनी त्यांना वाढवलं त्यांतले बहुतेक तुमच्यासारखेच भले लोक होते. त्यांना कागद मिळाला, तो त्यांनी खरा मानला. नेदरलँड्सने अशाच चौकशीनंतर २०२१ मध्ये परदेशी दत्तक थांबवून ठेवलं होतं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. ‘फाईलमध्ये लिहिलंय’ एवढ्यावर थांबू नका, इतकंच.

देणगीचं दोन शब्दांत सांगते. देऊ नका. एजन्सीशी केलेल्या करारात ठरलेलं शुल्क, वकील, भाषांतर, प्रवास, दाखले, हे वाजवी खर्च. प्रत्येकाची पावती मागा. काम लवकर होण्यासाठी मागितलेल्या पैशाला काय म्हणतात ते तुम्हालाही माहीत आहे, म्हणून तर तुम्ही पत्रात तो शब्द अवतरणात टाकलात. बाईंना लिहून विचारा की ही रक्कम करारात कुठल्या कलमाखाली येते. बहुधा मागणी आपोआप विरघळेल. आणि विरघळली तरी ती झाली होती, हे विसरू नका. तुमच्या इथल्या प्राधिकरणाला कळवून ठेवा.

देश बंद होण्याची भीती खोटी नाही. ग्वाटेमाला २००८ मध्ये बंद झाला, इथिओपियाने २०१८ मध्ये कायदाच केला. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये जवळच्या नात्यातली दत्तकं वगळता सगळं थांबवल्याचं जाहीर केलं, आणि मुलाचा फोटो फ्रिजवर लावून बसलेली शेकडो कुटुंबं अधांतरी राहिली. जगात २००४ च्या सुमारास वर्षाला पंचेचाळीस हजारांच्या आसपास मुलं अशी देश ओलांडत होती. आज त्याचा छोटासा अंशच उरलाय. अमेरिकेतच तेव्हा बावीस हजारांच्या पुढे असलेला आकडा २०२३ मध्ये १,२७५ वर आला. पण दार बंद होतंय म्हणून घाईने घुसायचं, ही गोष्ट सेलमधल्या साडीला शोभते. दहा दिवसांची मुदत लेखी वाढवून मागा, कारण म्हणून प्रश्नांची यादी जोडा. बहुतेक वेळा मुदत मिळते. आणि लेकीला तो फोटो अजून दाखवला नसेल तर सध्या दाखवू नका.

लेकीचं म्हणणं मला सगळ्यात खरं वाटलं. ‘मीच मोठी.’ सात वर्षांच्या मुलीच्या मालकीचं असतं काय? आईबाप, एक खोली आणि घरातला नंबर. त्यातला नंबर तुम्ही काढून घेताय. दत्तकाचं काम करणारे बरेच समुपदेशक म्हणूनच पहिल्या मुलापेक्षा मोठं मूल आणू नका असं सांगतात. मी ते पक्कं मानत नाही, पण हलकंही मानत नाही. तिला ‘तुला मज्जा येईल, खेळायला मिळेल’ असलं काही सांगू नका. पहिले कित्येक महिने मज्जा नसते. घरात रडारड असते, आईबाप दमलेले असतात आणि सगळं लक्ष नव्यांकडे असतं. तिला सांगा की तुझा राग बरोबर आहे. या घरात सगळ्यात आधी आलेली तूच, ते कुणी बदलू शकत नाही. आणि आठवड्यातला एक ठरलेला तास फक्त तिचा ठेवा, घर कोसळलं तरी. माझ्या ओळखीच्या एका घरात बाप दर शनिवारी मुलीला घेऊन नुसता बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन परत यायचा. मुलगी आता कॉलेजात आहे. भावंडं आली त्या वर्षातलं तिला बाकी फारसं आठवत नाही, बस आठवते.

सासूबाईंशी वाद घालू नका. मूल मांडीवर आलं की पुष्कळ आज्यांचं रक्ताचं तत्त्वज्ञान गुंडाळलं जातं. नाही गुंडाळलं, तर मुलांच्या कानावर ते जाणार नाही एवढी जबाबदारी नवऱ्याची. त्यांची आई, त्यांनी बोलावं.

आता समजा, सगळी उत्तरं समाधानकारक आली. आजीने समजून उमजून सही केली आहे, तिला खरंच झेपत नाही, देशात घर मिळालेलं नाही, आणि मुलगी म्हणाली की भाऊ बरोबर असेल तर मी जाईन. मग होय म्हणा, मनापासून. पण होय म्हणण्याआधी आरोग्याची फाईल परदेशी दत्तक मुलं तपासण्याची सवय असलेल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा. ‘प्रकृती ठीक’ या शब्दांना काही अर्थ नाही. वजन-उंचीच्या तारखेवार नोंदी मागा, ताजा व्हिडिओ मागा. डॉक्टरांचा एक ठोकताळा आहे, की संस्थेतल्या दर तीन महिन्यांमागे उंचीची वाढ साधारण एक महिना मागे पडते. त्यापेक्षा फारच फरक दिसला तर खोलात जायचं. घरी आल्यावर कावीळ ब, क्षयरोग, जंत, रक्तातलं लोह आणि शिसं हे सगळं पुन्हा तपासायचं, आधीचे रिपोर्ट असले तरी.

कागदांतली एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ती नागरिकत्व. दत्तक झालं म्हणजे नागरिकत्व मिळालंच असं प्रत्येक देशात नसतं. अमेरिकेत फेब्रुवारी २००१ मध्ये नवा कायदा लागू झाला, पण तेव्हा ज्यांना अठरा वर्षं पूर्ण झाली होती ते त्यातून सुटले. लहानपणी आणलेली, दुसरी भाषा न येणारी काही माणसं पुढे चाळिशीत हद्दपार झाली, कारण आईवडिलांनी एक अर्ज भरला नव्हता. हेग करारानुसार दत्तक झाल्याचा दाखला, निकालपत्र, मूळ जन्मनोंद, आजीची संमती, सगळ्याच्या प्रमाणित प्रती घ्या, आणि नागरिकत्वाचा कागद हातात पडेपर्यंत काम संपलं म्हणू नका.

पहिल्या महिन्यांसाठी थोडं सांगते. पाहुणे बोलावू नका. चार वर्षांचा मुलगा कुणाच्याही मांडीवर जाऊन बसेल आणि सगळे म्हणतील, किती लाघवी! ते लाघव नाही. माणसं बदलत राहण्याची त्याला झालेली सवय आहे ती. भरवणं, आंघोळ, झोपवणं तुम्ही दोघांनीच करा, म्हणजे त्याला कळेल की इथे माणसं तीच राहतात. उशीखाली बिस्किटं सापडतील. ओरडू नका, फेकू नका. डबा द्या आणि तो कधी रिकामा होऊ देऊ नका. त्यांच्या अंगावरचे कपडे, पांघरूण, जे काही बरोबर येईल ते पहिल्याच दिवशी धुऊ नका. मळकं असेल, पण तेवढाच वास त्यांच्या ओळखीचा आहे.

आणि ती. ती भावाला तुमच्या हातून खाऊ देणार नाही. रात्री तो रडला तर तुमच्या आधी ती उठलेली असेल. तुम्हाला वाटेल, ही मला आई होऊच देत नाही. ते काम तिने हौसेने घेतलेलं नाही, आणि तुम्ही ते एका दिवसात हिसकावलंत तर तिच्याकडे काहीच उरणार नाही. ‘तुझ्या भावाला झोपताना काय आवडतं, मला शिकवशील?’ असं विचारा. तिच्या हाताखाली काम करा. महिने जातील, कदाचित वर्ष. एखाद्या रात्री तो रडेल आणि ती झोपूनच राहील, तेव्हा समजा की तिने तुम्हाला कामावर ठेवून घेतलं.

आजीचं नाव, गावाचं नाव, घरातली गाणी, जे ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा, तिच्याच शब्दांत. भावाला यातलं काही आठवणार नाही, पुढे त्याला हे सगळं तिच्याकडूनच मिळणार आहे. नावं बदलू नका. आणि तिची भाषा जाऊ देऊ नका. लहान मुलं काही महिन्यांतच पहिली भाषा विसरतात, निदान वरवर तरी. कॅनडात २०१४ मध्ये काही चिनी मुलींच्या मेंदूचा अभ्यास झाला. साधारण वर्षाच्या असताना त्या फ्रेंच बोलणाऱ्या घरांत आल्या होत्या आणि त्यांना चिनीचा एक शब्द येत नव्हता. तरी चिनी बोलण्यातले आवाजाचे चढउतार ऐकताच त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांसारखाच प्रतिसाद देत होता. तेव्हा आजपासून तुम्ही आणि नवरा तिच्या भाषेचा वर्ग लावा. होय म्हणायचं की नाही हे ठरण्याआधीच. वाट बघण्यापेक्षा बरं, आणि नवऱ्याच्या मनात काय आहे तेही पंधरा दिवसांत कळेल.

व्याकरणाच्या मागे लागू नका. आधी पाठ करायची ती एवढीच वाक्यं: दुखतंय का? शू लागली का? हे तुझंच आहे. मी इथेच आहे. भाऊ शेजारच्या खोलीत झोपलाय, दार उघडं आहे, जाऊन बघून ये.